घाट उतरताना गुडघा धरतो: भरलेल्या मांड्या आणि बाहेरच्या अंगाची परत परत येणारी कळ

तक्रार साधारण अशी असते. सपाटीवर १५-१८ किमी पळताना काही त्रास नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन तोंडावर आली म्हणून जुलैत घाटाचा सराव सुरू होतो. चढ व्यवस्थित जातो. उतरायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आधी नुसतं जाणवतं, मग टोचायला लागतं आणि पुढच्या किलोमीटरभरात पाय वाकवून टाकणंच नको होतं. चालायला लागलं की पाच मिनिटांत बरं. पुन्हा पळायला घेतलं की दोनशे मीटरवर तीच कळ. दुसऱ्या दिवशी मांड्या भरलेल्या, जिना उतरायला कठडा धरावा लागतो. मग दोन-तीन आठवडे पळणं बंद. सगळं ठीक वाटतं, आणि पुढच्या घाटाला पहिले पाढे पंचावन्न.

यात दोन निराळी दुखणी एकत्र आलेली असतात. त्यांचा इलाजही निराळा. पण बहुतेक जण तो नेमका उलटा करतात: भरलेल्या मांड्यांना घाबरून आठवडाभर झोपून राहायचं आणि गुडघ्याची कळ मात्र 'पळता पळता मोकळी होईल' म्हणून अंगावर काढायची.

आधी दोन दुखणी वेगळी करा

स्नायू भरून येणं (पळणाऱ्यांच्या भाषेत 'डॉम्स') पळताना नसतं. ते १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत जातं. दोन्ही पायांना असतं, पसरलेलं असतं, बोट ठेवून 'इथे' असं सांगता येत नाही. थोडं चाललं की हलकं वाटतं.

दुसरं दुखणं पळतानाच येतं, बहुतेक वेळा एकाच पायाला, ठरावीक अंतरानंतर, आणि त्यावर एका बोटाने खूण करता येते. ती जागा गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेवर नसून तिच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तिथे असते. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत एक जाड पट्टा उतरतो, त्याला आयटी बँड म्हणतात. हा पट्टा त्या उंचवट्यावरून जातो. घरी तपासायचं तर पाठीवर झोपा, गुडघा काटकोनात वाकवा, त्या उंचवट्यावर अंगठ्याने दाब द्या आणि दाब तसाच ठेवून पाय हळूहळू सरळ करा. पाय जवळजवळ सरळ होत आला, साधारण ३० अंशांचा वाक उरला, की ओळखीची कळ उठत असेल तर बँडचंच दुखणं असण्याची शक्यता बरीच.

दुखणं वाटीच्या मागे किंवा पुढच्या बाजूला असेल, बराच वेळ खुर्चीत बसल्यावर वाढत असेल, तर प्रकरण वाटीचं आहे. उकिडवं बसताना किंवा मांडी घालताना सांध्याच्या आत खोल कळ येते, गुडघा मध्येच अडकतो, सूज येते, तर गादीची (मेनिस्कसची) तपासणी करून घ्यावी लागेल. पुढे गुडघ्याबद्दल जे लिहिलं आहे ते फक्त बाहेरच्या अंगाच्या कळीसाठी आहे.

मांड्या का भरतात आणि त्याचं काय करायचं

उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो ताणला जात असतानाच जोर लावत असतो. अशा कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, तिथे दाह होतो आणि दुसऱ्या दिवशी दुखतं. 'लॅक्टिक ॲसिड साठलंय' हे कारण अजून सर्रास सांगितलं जातं. पळणं थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर आलेलं असतं, त्यामुळे मंगळवारी जिना उतरताना होणाऱ्या त्रासाशी रविवारच्या लॅक्टेटचा संबंध लावता येत नाही. ते 'काढून टाकण्यासाठी' केलेली मालीशही मग त्या कारणासाठी फुकटच.

पहिले दोन दिवस सपाटीवर २०-३० मिनिटं चाला किंवा अगदी हलकी सायकल चालवा. हलक्या हाताने तेल लावून मालीश केली तर बरं वाटतं, जरूर करा. कोपर रोवून केलेली जोरकस मालीश दुखऱ्या स्नायूला आणखी दुखावते. गरम पाणी की बर्फ, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्हींचा फायदा थोडा आणि तात्पुरता आहे. ताण देण्याचे व्यायाम अशा दिवशी ओढून करू नका. जिना उतरायचाच असेल तर कठडा धरून पाठमोरे उतरा, मांडीवर भार कमी येतो.

खाण्यातली उणीव मात्र खरी असते, विशेषतः शाकाहारी ताटात. नियमित सराव करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १.४ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ८५ ते ९५ ग्रॅम झाली. वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत ७-८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २५. पोहे-चहा, पोळी-भाजी, वरण-भात एवढ्यावर बहुतेकांची गाडी ५० च्या आसपास थांबते. रविवारच्या लाँग रननंतर ग्रुपबरोबर मिसळ खाल्ली तर हरकत नाही, पण मटकीवर रस्सा आणि फरसाणच जास्त असतं हे लक्षात घ्या. सोबत दोन अंडी किंवा वाटीभर दही हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

भरून येण्यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे खुद्द उतार. एकदा मध्यम प्रमाणात उतार पळून स्नायू दुखावले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारावर ते बरेच कमी दुखतात. शरीर या कामाला फार लवकर सरावतं. अट एवढीच की पहिली मात्रा छोटी हवी. पहिल्याच रविवारी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा अख्खा घाट उतरलात तर मांड्या सरावतील खऱ्या, पण तोवर गुडघा गेलेला असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या शर्यतीला जाणारे भारतीय धावपटू 'डाऊन रन'च्या वर्षी, म्हणजे पीटरमारिट्झबर्गहून डरबनकडे उतरताना, चढाच्या वर्षापेक्षा पायांची जास्त धास्ती घेतात ती यासाठीच.

गुडघ्याची कळ परत का येते

पाय जमिनीला टेकल्यानंतर गुडघा ३० अंशांच्या आसपास वाकलेला असतो तेव्हा बँड हाडाच्या उंचवट्यावर सर्वांत जास्त दाबला जातो. खाली चरबीचा पातळ थर असतो, त्यात मज्जातंतूंची दाटी असते आणि तोच चिरडला जाऊन दुखतो. उतारावर, आणि रेंगाळत पळताना, पाय या कोनात जास्त वेळ राहतो. म्हणून 'हळू पळ, बरं वाटेल' हा सल्ला इथे उलटा पडतो. थोडं वेगात, छोट्या पावलांनी पळताना अनेकांना कमी दुखतं.

विश्रांतीने चिरडलेला थर शांत होतो. पण कमरेच्या बाजूच्या आणि मांडीच्या स्नायूंची उतार पेलायची ताकद त्याने वाढत नाही, उलट तीन आठवड्यांत थोडी घटतेच. दुखणं गेलं म्हणून थेट ग्रुपच्या १५ किमीत सामील झालं की चौथ्या किलोमीटरला जुनी भेट ठरलेली.

त्यात रस्त्याचा हातभार. आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात आणि शहाणा धावपटू समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने पळतो. पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. त्यामुळे उजवं पाऊल कायम खालच्या पातळीवर पडतं, जातानाही आणि येतानाही. कळ नेहमी उजव्याच गुडघ्यात असेल तर हे कारण आधी तपासा. पावसाळ्यात कडेला शेवाळ धरतं, मग घसरायच्या भीतीने माणूस मागे रेलून टाच रोवत उतरतो आणि ब्रेकचा मार आणखी वाढतो.

बूट हे कारण लोकांना फार आवडतं, कारण ते विकत घेता येतं. ६००-८०० किमी झालेले, टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजून तिरके झालेले बूट बदला. त्यापलीकडे बुटांवर फार वेळ घालवू नका.

पहिले दोन आठवडे

उतार पूर्ण बंद. सपाटीवरचं पळणं बंद करायची गरज बहुधा नसते, पण अंतर दुखण्याच्या उंबरठ्याच्या आत हवं. सपाटीवर कळ चौथ्या किलोमीटरला येत असेल तर अडीच किलोमीटरला थांबायचं, बरं वाटत असलं तरी. मैदानात किंवा सपाट रस्त्याच्या मधोमध, आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. सपाटीवर पहिल्या पाचशे मीटरलाच दुखत असेल तर पळणं थांबवून पोहणं किंवा चालणं. सायकलीवर गुडघा त्याच कोनातून शेकडो वेळा जातो, म्हणून सीट खूप उंच ठेवू नका आणि दुखलं तर तीही सोडा.

दुखण्याला ० ते १० गुण द्या. पळताना २ पर्यंत चालेल. ३ ला चालायला लागा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर कालचं अंतर जास्त झालं, पुढच्या वेळी तिसरा हिस्सा कमी करा.

फोम रोलरबद्दल (स्नायूंवर फिरवायचा फोमचा दंडगोल). बँड चामड्याच्या पट्ट्यासारखा चिवट असतो, रोलरने तो लांब होत नाही. नितंबावर आणि मांडीच्या बाहेरच्या स्नायूवर मिनिट-दीड मिनिट फिरवला तर तात्पुरतं सैल वाटतं, तेवढं ठीक. दुखऱ्या उंचवट्यावरच रोलर दाबून दात-ओठ खात फिरवणं म्हणजे चिरडलेल्या जागेला पुन्हा चिरडणं.

गोळीचंही असंच. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन घाट उतरायला जाऊ नका. दुखणं झाकलं जातं, उंबरठा कळत नाही, आणि लांब पळताना अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात. घरी आल्यावर १०-१५ मिनिटं कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावा, तो पुरतो.

व्यायाम: तीनच, पण नीट

आठवड्यातून तीन दिवस, किमान आठ आठवडे. दुखणं तिसऱ्या आठवड्यात जाईल, व्यायामही बहुतेकांचे तेव्हाच सुटतात.

पहिला, कुशीवर झोपून पाय उचलणं. पाठ, नितंब आणि वरच्या पायाची टाच भिंतीला टेकवा. टाच भिंतीवरून सरकवत पाय वर न्या, दोन सेकंद धरा, सावकाश खाली. पायाची बोटं समोर किंवा किंचित जमिनीकडे. ती छताकडे वळली की काम नितंबाच्या बाजूच्या स्नायूकडून निसटून पुढच्या स्नायूकडे जातं. १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या. नीट केलं तर खिशाच्या मागच्या बाजूला जळजळतं. मांडीच्या पुढे जळजळलं तर तुम्ही मागे कललेले आहात.

दुसरा, पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून कंबर पाडणं-उचलणं. उभ्या पायाचा गुडघा सरळ, दुसरा पाय हवेत लोंबता. लोंबत्या बाजूची कंबर तीन-चार बोटं खाली सोडा, मग उभ्या पायाच्या नितंबाने ती वर ओढा. १२ वेळा, तीन फेऱ्या. गुडघा वाकवून फसवणूक करणं सोपं असतं, म्हणून आधारासाठी भिंतीला एक बोट लावा आणि सावकाश करा.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा, आणि चुकतोही तोच. साधारण १५ सेंटीमीटरची, म्हणजे नेहमीच्या जिन्याची, एक पायरी घ्या. समोर आरसा ठेवा किंवा मोबाइल कमरेच्या उंचीवर टेकवून चित्रण करा. दुखऱ्या पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच समोर जमिनीकडे तीन सेकंद मोजत न्या, जमिनीला फक्त शिवा, भार देऊ नका, आणि परत वर या. आरशात दोन गोष्टी बघा. एक, शॉर्ट्सच्या कमरपट्ट्याची रेघ आडवी राहते की एका बाजूला कलंडते. दोन, गुडघ्याची वाटी अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत राहते की आत झुकते. बहुतेकांचं सहाव्या-सातव्या वेळेला दोन्ही बिघडतं. जिथे बिघडलं तिथे ती फेरी संपली, मग आकडा कितीही असो. सुरुवात ८ च्या तीन फेऱ्यांनी. १५ नीट जमले की पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि आठवड्याला एकेक वाढवत पाच किलोपर्यंत जा. खाली जाताना उंचवट्यावर कळ आली तर पायरीऐवजी दोन जाड पुस्तकांपासून सुरुवात करा.

हे व्यायाम पळण्याच्या दिवशीच, पळून आल्यावर करा. मधला दिवस खरोखर मोकळा राहू द्या.

पावलांची दुरुस्ती

३० सेकंदांत उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा आणि चारने गुणा. हा झाला केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं. ३९ आले तर १५६. त्याच वेगात पावलं पाच टक्के वाढवा, म्हणजे ३० सेकंदांत ४१. पाऊल आपोआप छोटं होतं आणि शरीराच्या खाली पडतं, गुडघ्यावरचा भार उतरतो. सगळ्यांनी १८० गाठलंच पाहिजे असं काही नाही.

काहींची दोन्ही पावलं एकाच रेषेवर पडतात. अशा पळण्यात बँडवर ताण जास्त येतो. मैदानाच्या ट्रॅकवरची पांढरी रेघ दोन पायांच्या मध्ये ठेवून पळा: डावं पाऊल रेघेच्या डावीकडे, उजवं उजवीकडे. सुरुवातीला बदकासारखं वाटेल, बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. उतारावर मागे रेलायचं नाही. धड घोट्यातून किंचित पुढे, पावलं छोटी आणि पटापट.

उतार परत सुरू करताना

सपाटीवर ८ किमी विनाकळ, पायरीचा (तिसरा) व्यायाम वजनाशिवाय १५ वेळा विनाकळ, आणि जिना उतरताना काही नाही. या तिन्ही गोष्टी जमल्यावरच. उतार आठवड्यातून एकदा, दोन उतारांत किमान पाच दिवस.

१. चढण ३-४ टक्क्यांची, २०० मीटर उतार पळायचा, चालत वर यायचं, असं चारदा.
२. तेच सहा ते आठदा.
३. ४०० मीटर, चारदा.
४. सलग १ किमी, दोनदा.
५. सलग २-३ किमी.
६. घाटात ५ किमी, सलग.

कळ २ च्या वर गेली तर एक पायरी मागे, पहिल्यापासून सुरुवात नको. पुण्यात सिंहगड आणि बोपदेव घाट आहेत, ठाण्यात येऊर. मुंबईच्या सपाट भागात उड्डाणपुलाचा उतार पहाटे वाहतूक नसताना आणि पळायला परवानगी असेल तिथेच. नाहीतर इमारतीचा जिना: लिफ्टने वर, चालत खाली. दहा मजले म्हणजे ढोबळमानाने ३० मीटर उतार. चार फेऱ्यांपासून सुरू करून दहापर्यंत न्या. जिना घाटाची पूर्ण बरोबरी करत नाही, पण मांड्या सरावायला पुरेसा आहे.

शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी. सरावलेपण तेवढं टिकतं आणि भरलेल्या मांड्या पूर्ण मोकळ्या होतात. शेवटच्या दहा दिवसांत उतार नाही, कुणी कितीही बोलावलं तरी.

साताऱ्यात पहिला अर्धा भाग मुख्यतः चढ आणि दुसरा उतार. चढावर वाचवलेली मिनिटं उतारावर वसूल करायची नसतात. वळल्यानंतरचे पहिले दोन किलोमीटर मुद्दाम आवरून घ्या, रस्ता बंद असतो तेव्हा मधोमध पळा, आणि गुडघा नेहमी ज्या अंतरावर बोलतो त्याच्या आधीच प्रत्येक किलोमीटरला मिनिटभर चाला. कळ आल्यावर चालण्याचा उपयोग फार थोडा. लंगडायला लागलात तर शर्यत सोडा. लंगडत केलेल्या सहा किलोमीटरचं बिल सहा आठवडे फेडावं लागतं आणि ते बहुधा दुसऱ्या पायाच्या नावावर निघतं.

घरगुती इलाज कुठे थांबवायचे

उतारानंतर मांड्या सुजून कडक झाल्या, दुखणं प्रमाणाबाहेर आहे आणि लघवी कोकसारखी काळपट होते आहे, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू विरघळून मूत्रपिंडाला धोका झालेला असू शकतो. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखरेपणा असेल, विशेषतः लांबच्या बस किंवा विमानप्रवासानंतर, तर शिरेत गुठळी नाही ना हे बघून घ्यावं लागतं, तोवर मालीश अजिबात नाही. जांघेत खोल दुखतं आणि एका पायावर उडी मारली की वाढतं, किंवा नडगीच्या हाडावर एकाच बिंदूला दुखतं आणि रात्रीही ठणकतं, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्या. अशा वेळी पळणं त्या क्षणी बंद, एक्स-रे सुरुवातीला कोरा येऊ शकतो आणि डॉक्टर एमआरआय सुचवतील.

गुडघ्याच्या कळीला मात्र एमआरआयची घाई नको. वर दिलेला क्रम प्रामाणिकपणे आठ आठवडे करूनही सपाटीवरचं अंतर वाढत नसेल, तर खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या फिजिओकडे जा. जाताना दोन गोष्टी न्या: पायरीच्या व्यायामाचं चित्रण, आणि कोणत्या दिवशी कितव्या किलोमीटरला, सपाटीवर की उतारावर, किती गुणांची कळ आली याची वही.